यादीतला सातवा फोटो

१

पट्टी नव्हती.

अल्बमवाल्या बाईंनी पाकीट उलटं करून टेबलावर थोपटलं. चौथ्या रोलच्या निगेटिव्हच्या पाचच पट्ट्या बाहेर पडल्या. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या. बाकीच्या सगळ्या रोलांच्या सहा-सहा पट्ट्या जागच्या जागी होत्या. चौथ्याच रोलची, तेरा ते अठरा नंबरची पट्टी तेवढी नव्हती.

टेबलापलीकडे बसलेली मुलगी बाईंच्या हातांकडे बघत होती. तिच्या लग्नाला पाच आठवडे झाले होते. वडिलांना जाऊनही पाच आठवडेच, त्यात फक्त एक दिवस कमी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर, म्हणजे तिचे वडील, उठलेच नाहीत.

"त्याच पट्टीत होता तो," ती म्हणाली.

"कोणता गं?"

मुलीनं पर्समधून घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'टिपायचेच असे फोटो'. खाली बावीस ओळी. खिडकीत टांगलेला पोशाख. दादा बूट पुसताना. मैत्रिणी वेणी घालताना. आत्या येताच मिठी मारताना. रजिस्टरवर बाबांची सही. प्रत्येक ओळीपुढे फोटोवाल्यानं पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली. सातव्या ओळीपुढची खूण जरा जास्तच दाबून केलेली : 'मला नवरीच्या पोशाखात पहिल्यांदा बघताना बाबांचा चेहरा.'

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. गाण्यातला एखादा शब्द गळावा आणि कोणता गळला ते आठवू नये, तसं काहीतरी त्यांना वाचताना झालं. पण हाती लागलं नाही.

"बाबांचे बाकीचे फोटो आहेत की," त्या म्हणाल्या.

"आहेत ना. पण सगळ्यांत ते दुसरीकडेच बघतायत. माझ्याकडे बघतानाचा तेवढा एकच होता." मुलीनं ओठ आवळले. "परवा आरशापुढे उभी होते, तर मला त्यांचा चेहराच आठवेना, बाई. चष्मा आठवला, नाक आठवलं. चेहरा नाही. असं होतं का हो कुणाला?"

सव्वीस वर्षं बाई लोकांच्या लग्नांचे अल्बम बांधत होत्या. लग्नाला मात्र एकाही गेल्या नव्हत्या. पण असं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"फोटोवाल्यांनीच घोळ घातला. मी नको नको ते बोलले त्यांना. आणि दादाशी तर बोलतच नाही. पाकीट त्यानंच आणलं होतं." ती उठली, दारात थांबली. "आणखी एक. बाबांच्या कोटाच्या खिशापाशी पांढरा ठिपका आलाय. तेवढा पुसाल?"

"धूळ बसली असेल काचेवर. पुसते."

२

फोटोवाल्याला सगळे एकडोळे म्हणत. तीस वर्षं एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघणारा हा माणूस झोपेतही एकच डोळा मिटतो, अशी गावभर थट्टा होती. आज त्याचे दोन्ही डोळे लाल होते.

"तीस वर्षांत फोटोत लोकांची डोकी कापली असतील मी, बाई! दोघा-तिघांचे पाय खाल्ले असतील. पण फोटो हरवला नाही कधी!"

"अहो एकडोळे, मी काही म्हटलंय का?"

"ती पोरगी म्हणाली ना. भर रस्त्यात म्हणाली. आता माझ्याकडे कोण येणार?" त्यानं नाक पुसलं. "मास्तर गेले त्या दुपारी तिचा दादा आला. चौकटीत लावायला बाबांचा फोटो हवा म्हणाला. मी रोल धुऊन नुकतेच वाळवले होते. पट्ट्या मोजून सगळंच्या सगळं पाकीट दिलं त्याच्या हातात. दोन दिवसांनी त्यानं परत आणून दिलं. दुःखाच्या घरून आलेलं पाकीट काय मोजून घ्यायचं? तसंच ठेवलं, तसंच तुमच्याकडे पाठवलं."

"तो सातवा फोटो आठवतो?"

"आठवतो तर! पोरगी आरशापुढे उभी. मास्तर दारात आले. ती वळली, आणि सगळी खोली एकदम हसायला लागली. असा क्षण पुन्हा येत नाही. मी सटासट सहा काढले. आरसा मध्ये येत होता, म्हटलं येऊ दे, मागची माणसंही येतील त्यात."

"मागे कोण होतं?"

"मी मास्तरांकडे बघत होतो, बाई. माझा एकच डोळा उघडा असतो."

रोलबरोबर छत्तीसही फोटोंच्या तिकिटाएवढ्या छापांचा एक कागद असतो. बाईंनी चौथ्या रोलचा तो कागद दिव्याखाली धरला. वरच्या दोन ओळी एका तुकड्यावर होत्या, खालच्या तीन दुसऱ्यावर. मधली ओळ कापून घेतलेली. एकडोळ्याची कात्री होती बोटभर. तिनं कापलं की दर इंचाला कड अडखळायची. ही कड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेली होती. वरच्या छापाला नाही, खालच्या छापाला नाही, कुठंही पातं लागलेलं नव्हतं.

पट्टी पडली नव्हती, गहाळ झाली नव्हती. कुणीतरी शांतपणे बसून, निवडून, नेमके तेवढेच सहा फोटो काढून घेतले होते.

३

दादा सायकलच्या दुकानात होता. चाक उलटं टांगून आरे ताणत होता. त्यानं बाईंकडे बघितलं नाही.

"तिनं पाठवलं का? पाकीट मी आणलं, आईच्या पुढ्यात ठेवलं. आई नि आत्या बघत बसल्या होत्या. मग आतून निरोप आला, लग्नातला नको, जुनाच लावा. दहा वर्षांपूर्वीचा लावला. संपलं."

"लग्नातला का नको?"

"मी नाही विचारलं. तेव्हा विचारायला सुचतं का?" चाक गरगर फिरलं, थांबलं. "खरं सांगू? मला ते फोटो बघायचेच नव्हते. सकाळी कोटावरून भांडलो मी त्यांच्याशी. म्हटलं, एवढ्या उकाड्यात कसला कोट! तर दिवसभर काढला नाही त्यांनी. मला दाखवायला."

"सही करताना तू शेजारी होतास ना?"

"होतो की. मास्तरांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, आणि सही केली ही अशी वाकडीतिकडी. मी म्हटलं, मास्तर, पाच मार्क कापले."

"हसले?"

"अर्धे."

बाईंनी पिशवीतून पाचव्या रोलमधला सहीचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. "कोणत्या हातानं लिहितायत बघ."

"उजव्या."

"आणि हा पहिल्या रोलमधला, सकाळचा. पाहुण्यांच्या नावांची कार्डं लिहितायत."

"डाव्याच हातानं की. बाबा पक्के डावखुरे. शाळेत चित्रं शिकवायचे ती सगळी डाव्या..."

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

४

दुकानात परतल्यावर बाईंनी सगळे छाप लांब टेबलावर क्रमानं मांडले. वेळ ठरवायला त्यांना घड्याळ लागत नसे. फुलं किती मलूल झाली, बर्फाच्या भांड्यात पाणी किती, केसाची कोणती बट सुटली, यावरून त्या दिवस पुन्हा विणत. आज त्यांनी सगळं सोडून एकाच माणसाचा डावा हात धरला आणि त्याच्यामागून चालत गेल्या.

सकाळी त्या हातात पेन, मग कप, मग दाराच्या कमानीचं एक फूल. मग चौथा रोल. मग ती हरवलेली पट्टी. आणि तिच्यानंतर डावा हात कोटाच्या खिशात. सहीच्या वेळी खिशात, पाहुणे भेटताना खिशात, निरोपाच्या वेळीही खिशातच. सगळ्या फोटोंत मास्तर उजवा गाल पुढे करून उभे, कुणाच्या तरी पलीकडे बघत.

मुलगी संध्याकाळी आली. टेबलाच्या कडेनं चालता चालता तिचा चेहरा जरा मोकळा झाला. "हे बघा, आई. दिवसभर तिनं बाबांचा हात सोडला नाही. आयुष्यात चारचौघांत त्यांच्याजवळ उभी राहिली नसेल, आणि त्या दिवशी बघा कशी बिलगलीय. मैत्रिणी म्हणत होत्या, नवरी कोण, तू की तुझी आई?"

बाईंनी बघितलं. खरंच, चौथ्या रोलनंतर आई प्रत्येक फोटोत होती, आणि दर वेळी मास्तरांच्या डाव्या बाजूला.

"मला सांग, बाबा दारात आले तेव्हा सगळे का हसले?"

मुलगी हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "बाबांचं एक सोंग होतं. मी लहानपणी रडायला लागले की ते अर्ध्या तोंडानं हसायचे आणि अर्ध्या तोंडानं रुसायचे. दोन तोंडांचा बाबा म्हणायचे मी. त्या दिवशी दारात आले, मला बघितलं, आणि तेच केलं! एक गाल हसतोय, एक पडलेला. मी म्हटलं, बाबा, आज तरी नीट हसा की! सगळी खोली खो खो हसली."

बाईंचा हात टेबलावर जिथं होता तिथंच राहिला.

"काय झालं, बाई?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तू घरी जा, बाळ. उद्या ये."

५

आत्या चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या चेहऱ्याचं हसू म्हणजे अर्धांगाचा झटका, हे तिनं एका नजरेत ओळखलं असतं. ओळखूनही ती गप्प राहिली असेल, तर पट्टी लपवायला तिच्याइतकं सबळ कारण कुणाला?

तिनं दार उघडलं आणि बाईंनी काही विचारायच्या आतच म्हणाली, "कुणाला कळण्यासारखं काही नव्हतंच."

"मी अजून काही विचारलं नाही."

आत्या खुर्चीत बसली. बराच वेळ गुडघ्यावरच्या घड्या सारख्या करत राहिली. "मी परगावी होते, परतीची गाडी उशिरा आली. सह्या झाल्या होत्या. पंगतीला मी भावाशेजारी बसले, उजव्या हाताला. डावीकडे वहिनी होती. मी म्हटलं, वहिनी, जरा सरका, मला त्याच्याशी बोलायचंय, डाव्या कानानं त्याला बरं ऐकू येतं. जागची हलली नाही. मला राग आला, बाई! लग्नाच्या दिवशी नणंदेला असं? मी फुगून बसले आणि त्याच्याकडे नीट बघितलंच नाही. चाळीस वर्षं परक्यांचे चेहरे बघितले मी."

"पाकीट आलं तेव्हा फोटो बघितले का तुम्ही?"

"नाही हो. माझा चष्मा रडून रडून धुरकटलेला. वहिनीच बघत होती, शिलाईमशीनच्या दिव्याखाली. मला म्हणाली, जुनाच लावू."

मशीनच्या दिव्याखाली. बाई तशाच उठल्या, दुकानात आल्या आणि भिंग घेऊन मास्तरांच्या कोटावर वाकल्या. पुसायला सांगितलेला तो पांढरा ठिपका एका फोटोत होता, दुसऱ्यात होता, अकराव्यातही होता. काचेवरची धूळ फोटोच्या एकाच जागी दिसते. हा ठिपका कोटाबरोबर फिरत होता. खिशाच्या कडेवर, बाही जिथं आत जाते नेमका तिथं.

मग त्यांनी नवरीच्या बुटांचा फोटो घेतला. बुटांवर पोशाखाचा घेर आला होता, आणि घेराला, अजून टाके न पडलेल्या जागी, पांढऱ्या मोत्याच्या डोक्याच्या टाचण्या.

ठिपका नव्हता तो. टाचणी होती.

६

खिडकीपाशी शिलाईमशीन चालू होतं. आई कुणाचीतरी बाही शिवत होती, आणि चाकाच्या लयीवर तोंडातल्या तोंडात म्हणत होती :

लेकीच्या घेराला घातले मी टाके
उलट्या बाजूचे कुणा ना दिसोत

बाईंना बघून मशीन थांबलं. शेजारी हातभर लांब कात्री पडली होती, कापड एका दमात कापणारी.

"पोशाख तुम्हीच शिवलात ना?" बाईंनी विचारलं.

"मग काय तर. शेवटच्या घडीपर्यंत घेर सारखा करत होते. पोरगी उभी राहील तर शपथ."

"मग बाबा दारात आले तेव्हा तुम्ही तिच्या पायाशी बसला होतात. आरशासमोर."

आईनं सुईखालचं कापड सोडवलं. घडी घातली. पुन्हा उलगडली.

"बाहीला टाचणी तुम्ही लावलीत," बाई हळूच म्हणाल्या. "तो हात नुसता लोंबकळू नये म्हणून. आणि दिवसभर डावीकडे उभ्या राहिलात. नणंदबाईंनाही बसू दिलं नाही तिथं."

घरात कुठंतरी नळ ठिबकत होता. आईनं मशीनचा छोटा खण ओढला. बॉबिनांच्या खाली, मऊ कापडात गुंडाळून, ती पट्टी होती.

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या," ती म्हणाली. "सहा-सात. ओरडताही आलं नाही. आरशात मला ते दिसले. सगळे हसले. पण ते सोंग मी तीस वर्षं बघत आले होते, बाई. सोंग करायचे तेव्हा डावा गाल रुसायचा, पण डावा डोळा हसत असायचा. त्या दिवशी डोळा हसत नव्हता."

"मग?"

"बाहेर बोळात गाठलं त्यांना. म्हटलं, चला दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. जीभ जड झाली होती. म्हणाले, पोरीला गंमत वाटली. गंमतच राहू दे. संध्याकाळी जाऊ." आईनं खण अर्धा लावला. "संध्याकाळी हात हलवून दाखवला मला. तोंडही सरळ झालं होतं. म्हणाले, बघ, उगाच घाबरलीस, उद्या सकाळी नक्की जाऊ. मी ऐकलं त्यांचं. उभ्या जन्मात कधी ऐकलं नाही, आणि त्या दिवशी ऐकलं."

बाईंनी पट्टीला हात लावला नाही. बोलण्यासारखं जे होतं ते सगळं खोटं वाटलं असतं.

"हे फोटो तिनं बघितले तर तिला कळेल. ती त्यांना हसली होती, बाई. जाळायला काढली होती पट्टी. काडी पेटवलीसुद्धा. पण त्यांनी तिला बघितलं ते एवढंच तर आहे कुठंतरी."

"पट्टी तुमची आहे," बाई उठल्या. "मी कुणाला सांगणार नाही. फक्त एक. एकडोळ्यांवर आळ आलाय, तो मी कसातरी निस्तरेन. भावाबहिणीचं आज ना उद्या जुळेल. पण तिला मास्तरांचा चेहरा आठवत नाहीये."

आईनं मान वर केली.

"आठवत नाही?"

"चष्मा आठवतो म्हणाली. नाक आठवतं. चेहरा नाही."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मायलेकी आल्या. आईनं सगळं वाटेतच सांगितलं असावं, कारण मुलगी काही विचारत नव्हती. आईनं रात्रीच नेऊन दिलेल्या पट्टीवरून एकडोळ्यानं भल्या सकाळी मोठा छाप काढून दिला होता आणि तो स्वतः दाराशी, आत यावं की न यावं अशा बेतानं, उभा होता.

मुलीनं छाप दोन्ही हातांत धरला.

दारात मास्तर. एक गाल हसतोय, एक खाली ओघळलेला. आणि दोन्ही डोळे, त्यातल्या एकाला हसता येत नसताना, सगळेच्या सगळे तिच्यावर.

"नीट हसा म्हटलं मी," ती म्हणाली. तिचा आवाज कागदासारखा पातळ झाला होता. "ते नीटच हसत होते. होतं तेवढं सगळं हसत होते. आणि मी..."

"तू हसलीस म्हणून ते सही होईपर्यंत उभे राहिले," आई म्हणाली. "मला खरंच तसं वाटतं. तुला नाही पटलं तर नको पटू दे. मला चीड आली तर मीपण त्यांना बोलते मनातल्या मनात. पण तू हसलीस ते त्यांना हवं होतं."

मुलगी रडली. बाईंनी तिला रडू दिलं. डिंक आणि कागद तेवढे बाजूला सरकवले. मग बराच वेळ झाल्यावर मुलगी पुन्हा फोटोवर वाकली, आणि या वेळी तिचं बोट मास्तरांवरून सरकून आरशावर गेलं. हसणाऱ्या मैत्रिणींच्या खाली, जमिनीलगत, गुडघ्यांवर बसलेली एक बाई. ओठांत टाचण्या. डोळे दारावर. त्या खोलीत न हसणारी ती एकटीच.

"आई, ही तू आहेस."

"अवतार बघ माझा."

मुलीनं पर्समधून यादी काढली. वरून खाली वाचली. दादा होता, आत्या होती, मैत्रिणी, बूट, फुलं, बाबांच्या पाच ओळी. बाईंना आता कळलं, पहिल्या दिवशी कोणता शब्द गळल्यासारखं वाटलं होतं. पोशाख शिवणारी सगळीकडे असते, म्हणून ती टिपायची राहते.

मुलीनं टेबलावरची पेन्सिल घेतली आणि बावीसच्या खाली एक ओळ लिहिली. तेवीस. आई.

"ठिपक्याचं काय करू?" बाईंनी विचारलं. "पुसायला सांगितला होतास."

"एकाही फोटोतला पुसू नका."

मग ती दाराशी गेली. एकडोळ्यापुढे मान खाली घालून काहीतरी बोलली. तो म्हणाला, "असू दे गं, पोरी, असू दे," आणि त्यानं नाक पुसलं. ती त्याला आत घेऊन आली.

"माझा कशाला फोटो?" आई मागे सरली. "हे असं घरातलं नेसून? केससुद्धा..."

मुलगी आईच्या डाव्या बाजूला गेली. तिचा दंड धरला, आणि सगळ्या फोटोंत आई जशी मास्तरांना बिलगून उभी होती, तशीच घट्ट उभी राहिली. आई आधी ताठरली. मग हळूहळू तिनं आपला भार त्या हातावर टाकला, पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

एकडोळ्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो खाली घेतला, आणि बटण दाबायच्या आधी दोन्ही डोळ्यांनी त्या दोघींकडे नीट बघून घेतलं.